हवामान अनुकूलनाचे धोरण पंचनाम्याच्या पुढे का सरकत नाही?

बांधावरून (प्रश्न)

आमचा तालुका माढा. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत माढा होता, तसेच शेजारचे करमाळा आणि बार्शीही होते. त्याला दोन वर्षे पूर्ण व्हायच्या आत, सप्टेंबर २०२५ मध्ये, सीना नदीला असा पूर आला की काठच्या उसात पुरुषभर पाणी उभे राहिले, दावणीला बांधलेली जनावरे तशीच गेली आणि कित्येक शेतांत काळी माती खरडून जाऊन खालचा मुरूम उघडा पडला. ज्या शेतकऱ्याने दोन वर्षांपूर्वी टँकरच्या पाण्यावर डाळिंब जगवले, त्याच शेतकऱ्याची मोटार आणि पाइप या वेळी वाहून गेले.

दोन्ही वेळा शासनाने जे केले त्याचा साचा मात्र एकच होता. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक एकत्र येऊन पंचनामा करतात, यादी वर जाते, विशिष्ट क्रमांक येतो, मग सेवा केंद्रात अंगठा लावून ई-केवायसी करायची आणि खात्यावर पैसे येण्याची वाट पाहायची. मदत मिळत नाही अशी माझी तक्रार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने सुमारे ३१ हजार ६०० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले आणि त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख व रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामे अशी तरतूद होती. एवढी रक्कम आपत्तीनंतर उभी राहू शकते, तर त्यातला काही भाग आधी का खर्च होत नाही, हा माझा प्रश्न आहे.

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, त्यामुळे योजनांची नावे मला ठाऊक आहेत. राज्याने टेरी या संस्थेच्या साहाय्याने २०१४ मध्येच हवामान बदल अनुकूलनाचा, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचा, कृती आराखडा तयार करून घेतला, त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून कृषी संजीवनी प्रकल्प आला, माझी वसुंधरा अभियान आले. म्हणजे हा विषय शासनाच्या गावीच नाही असे म्हणता येणार नाही. तरीही प्रत्येक वेळी सगळे पंचनाम्यापाशीच येऊन थांबते. अडचण पैशाची आहे, कायद्याची आहे, अंदाज नेमका नसल्याची आहे, की आणखी कशाची? ज्यांनी हे काम आतून पाहिले आहे त्यांनी सविस्तर लिहावे. राजकारण्यांना शिव्या द्यायच्या असतील तर त्यासाठी वेगळा धागा काढावा, ही विनंती.

निवृत्त अव्वल कारकून

नोकरीतील बराच काळ मी तहसील कार्यालयाच्या नैसर्गिक आपत्ती संकलनावर होतो, म्हणून माझ्या बाजूने काय दिसते ते लिहितो.

पंचनाम्याला सगळे नावे ठेवतात, पण तो एवढा टिकून राहिला याचे कारण त्याच्यामागे लेखाशीर्ष (खर्चाचे ठरलेले खाते) आहे, निकष आहे आणि मुदत आहे. अतिवृष्टी कशाला म्हणायचे? महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. नुकसान कधी धरायचे? पीक ३३ टक्के किंवा त्याहून अधिक गेले तर. हे दोन आकडे हातात असले की तलाठ्यापासून सचिवापर्यंत कोणालाही स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घ्यावा लागत नाही आणि लेखापरीक्षणात कोणी अडकत नाही. 'हे गाव पुढच्या दहा वर्षांत पुराला तोंड देण्यास अधिक सक्षम झाले' असे कोणत्या नमुन्यात भरणार आणि त्यावर सही कोण करणार?

अडचण अशी की निसर्ग त्या निकषांतून निसटू लागला आहे. महावेध प्रकल्पामुळे बहुतेक मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्र आले, ही मोठी सुधारणा आहे. पूर्वी तालुक्याच्या ठिकाणचे पर्जन्यमापक सगळ्या तालुक्याचे भवितव्य ठरवत असे. पण एका मंडळात दहा-पंधरा गावे असतात आणि आताचा पाऊस शिवार पाहून पडतो. केंद्रावर ५८ मिलिमीटर नोंदले गेले आणि चार कोसांवरच्या गावात ओढ्याने बांध फोडले, तर त्या गावाला 'अतिवृष्टी झाली नाही' असे लेखी उत्तर द्यावे लागते. अशी उत्तरे मी तयार केलेली आहेत. दुसरीकडे रोज वीस-तीस मिलिमीटर असा पंधरा दिवस पाऊस पडून सोयाबीन शेंगेतच उगवले, तरी कोणत्याही एका दिवशी ६५ चा आकडा गाठला जात नव्हता. त्यासाठी २०२३ मध्ये 'सततचा पाऊस' हीदेखील आपत्ती मानण्याचा निर्णय राज्याला वेगळा घ्यावा लागला. प्रत्येक नव्या संकटासाठी नवी व्याख्या करायची आणि ती होईपर्यंत दोन-तीन हंगाम जाऊ द्यायचे, असे आपले चालते.

केंद्राच्या बाबतीतही तेच आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात आपत्ती प्रतिसाद निधीसाठी केंद्राने अधिसूचित केलेल्या आपत्ती बारा होत्या. दुष्काळ, पूर, चक्रीवादळ, गारपीट, थंडीची लाट त्यांत होती, पण उष्णतेची लाट नव्हती आणि वीज कोसळणेही नव्हते. राज्याने स्वतःच्या पातळीवर अशा आपत्ती ठरवाव्यात आणि निधीच्या १० टक्क्यांपर्यंत त्यांवर खर्च करावा, अशी मुभा होती. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे शाळकरी मुलालाही माहीत आहे, पण थंडीच्या लाटेला जे स्थान यादीत मिळाले ते उन्हाला मिळाले नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाबद्दल. आधी खर्च करायला पैसाच नाही, हे पूर्ण खरे नाही. त्याच आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी आपत्तीच्या निधीतील २० टक्के रक्कम सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्ती येण्यापूर्वीच्या कामांसाठी, वेगळी काढली. पण प्रतिसादाचा पैसा मागायला पंचनामा पुरतो. सौम्यीकरणाचा पैसा मागायला प्रस्ताव लागतो. त्यासाठी सर्वेक्षण, आराखडा, तांत्रिक मान्यता, जागेची उपलब्धता, इतर विभागांचे ना-हरकत दाखले हे सगळे आले. तहसील कार्यालयात हे करणारे एकही पद नाही. जिल्ह्याला आपत्ती व्यवस्थापन अधिकारी असतो, त्याचाही निम्मा वेळ पावसाळ्यात दूरध्वनी घेण्यात आणि उरलेला अहवाल पाठवण्यात जातो. निधी असून प्रस्ताव नाही, हे चित्र मी अनेकदा पाहिले.

पाणलोट

वरील प्रतिसाद अगदी आतला आहे आणि त्याच्याशी मी सहमत आहे. पण प्रस्ताव तयार होतात, पैसाही येतो आणि तरीही अनुकूलन होत नाही, अशीही उदाहरणे आहेत आणि माझ्या मते धोरणाची खरी परीक्षा तिथे आहे. मी मराठवाड्यात पाणलोटाच्या कामात आहे, म्हणून शेततळ्याबद्दल लिहितो.

कागदावर शेततळे हे अनुकूलनाचे आदर्श साधन आहे. पाऊस थोड्या दिवसांत धो-धो पडून वाहून जातो, ते वाहते पाणी शेतातच अडवावे आणि पुढे पावसात खंड पडला की पिकाला एक-दोन संरक्षित पाणी द्यावे, ही त्यामागची कल्पना. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावते. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, ऑनलाइन अर्ज, थेट खात्यात अनुदान, आणि त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत तळ्यांची संख्या झपाट्याने वाढली. कामाचे छायाचित्र घेता येते, अक्षांश-रेखांश नोंदवता येतात, वर्षाअखेर आकडा सांगता येतो.

प्रत्यक्षात काय होते ते द्राक्षांच्या किंवा डाळिंबाच्या पट्ट्यात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाहावे. तळ्याला प्लास्टिकचे अस्तर असते, त्यामुळे पाणी मुरत नाही. अनेक तळ्यांना वाहत्या पाण्याची आवक नसतेच, कारण ती चढावर, बांधाने वर उचलून बांधलेली असतात. भरण्यासाठी विहिरीवरून किंवा बोअरवरून मोटार चालू असते. म्हणजे सगळ्या गावाच्या पायाखालचे पाणी उपसून ते एकाच्या मालकीच्या उघड्या टाकीत आणून ठेवायचे आणि त्यातले काही एप्रिल-मेच्या उन्हाने उडून जाऊ द्यायचे. ज्याचे तळे भरले त्याची बाग दुष्काळातही वाचते, यात शंका नाही, आणि कोणी यशोगाथा लिहायला आला तर त्याला हिरवी बागच दिसते. शेजारची साठ फूट खोल विहीर डिसेंबरऐवजी ऑक्टोबरमध्ये कोरडी पडली, हे त्या यशोगाथेत येत नाही, कारण ती विहीर ज्याची आहे त्याने तळ्यासाठी अर्जच केलेला नसतो. बहुधा त्याच्याकडे तळ्यात घालवण्याएवढी जमीनच नसते.

जालना जिल्ह्यातील कडवंची गावाचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते आणि ते घ्यायलाही हवे, कारण तिथे आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामे झाली आणि द्राक्षबागा व शेततळी त्यानंतर आली. योजनेने उचलली ती शेवटची पायरी, कारण तिला अनुदान देणे सोपे होते. हिवरे बाजारचेही तसेच. पोपटराव पवारांच्या गावाचा दाखला सगळे देतात तो चराचा, बंधाऱ्याचा. पण शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही आणि उसासारखी पिके लावायची नाहीत, हे त्या गावाने स्वतःवर घालून घेतलेले बंधन शेततळ्यासारख्या वस्तू देणाऱ्या योजनांत अनुदानाची अट म्हणून उतरलेले नाही.

कृषी संजीवनी प्रकल्पाच्या आखणीत ही जाण होती, हे नमूद केले पाहिजे. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातील सुमारे पाच हजार गावांसाठी तो २०१८ पासून राबवला गेला. गावपातळीवर ग्राम कृषी संजीवनी समिती, सूक्ष्म नियोजन, आणि आयआयटी मुंबईच्या मदतीने केलेला पाण्याचा ताळेबंद, असा त्याचा पाया होता. ताळेबंद म्हणजे गावात पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मुरला किती आणि पिकांना लागणार किती, याचा गावानेच मांडलेला हिशेब. अशा बैठकांना मी बसलो आहे. भिंतीवर तक्ता लावलेला असतो, तूट लाल रंगात लिहिलेली असते, लोक ती वाचतात, मान डोलावतात. आणि मग पुढच्या विषयात वैयक्तिक लाभाचे अर्ज सुरू होतात: ठिबक, शेडनेट, विहीर, मोटार. बैठकीत खरी गर्दी त्या विषयाला असते. तूट दाखवणारा तक्ता आणि नव्या मोटारीचा अर्ज एकाच खोलीत, एकाच तासात मंजूर होतात आणि त्या दोहोंचा एकमेकांशी संबंध जोडण्याचा अधिकार समितीला नसतो. ताळेबंद तुटीचा आहे म्हणून यंदा कोणालाही नवा उपसा नाही, असे म्हणणाऱ्या समितीचे काय होईल, ते गावात राहणाऱ्यांना सांगायला नको.

कायदा नाही म्हणावे तर तोही आहे. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा, तो २०१४ मध्ये अंमलात आला आणि शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा, खोल विंधन विहीर घेऊ नये असे तो सांगतो. मराठवाड्यात सहाशे-सातशे फूट बोअर ही आता बातमीसुद्धा राहिलेली नाही. गाडी रात्री येते, सकाळी निघून जाते आणि तलाठ्याकडे खोली मोजायला काहीच साधन नसते.

त्यामुळे 'बांधावरून' यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: धोरण वस्तू वाटू शकते, आणि ते काम आपले शासन बऱ्यापैकी करते. अनुकूलन मात्र बव्हंशी समाईक गोष्टींच्या वापराबद्दलच्या तडजोडीत असते. कोणाचे पाणी कमी करायचे, ओढ्यात कोणाची शेती घुसली आहे, उसाला किती क्षेत्र असावे, हे ठरवताना कोणीतरी नाराज होतो, आणि नाराज होणारा माणूस बहुधा गावातला वजनदार असतो. वस्तू दिल्याने जो प्रश्न सुटेल तेवढाच धोरणात शिरतो. उरलेला 'जनजागृती' या सदरात जातो.

पोफळीखाली

घाटावरच्या चर्चेत कोकणातून थोडी भर घालतो, कारण इथे पाऊस, जमीन, पीक सगळे वेगळे असूनही 'पाणलोट' म्हणतात ती गोष्ट तशीच दिसते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आले आणि काही तासांत नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. तेव्हा फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार करण्यात आली, आणि ती वाढ आवश्यकच होती. पण हेक्टर हे मापच इथे चुकते. आमच्या वाड्या गुंठ्यांत असतात. दहा-बारा गुंठ्यांत पोफळ, तिच्यावर चढवलेला मिरीचा वेल, मध्ये जायफळ, कडेने नारळ, अशी एकावर एक पिके असतात. सोयाबीनसाठी केलेला हिशेब त्यांना लावला की हातात येते ती रक्कम पडलेली झाडे कापून बाजूला काढायलाही पुरत नाही. पोफळ लावल्यापासून सुपारी हाताशी यायला सहा-सात वर्षे लागतात, म्हणजे नुकसान एका हंगामाचे नसते. त्यात सातबारावर आजोबांच्या पिढीपासूनची वीस-पंचवीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईत. सगळ्यांचे संमतीपत्र आणल्याशिवाय पैसे एकाच्या खात्यावर जमा होत नाहीत, आणि वाडी राखणारा जो एक भाऊ गावात आहे त्याने ती संमती गोळा करत फिरायचे. जमिनीच्या नोंदी हा विषय हवामानाच्या कोणत्याही आराखड्यात ठळकपणे आलेला मी पाहिला नाही, पण कोकणात मदत असो वा पुनर्लागवड, अडते ती तिथेच.

दुसरा मुद्दा धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांचा. समुद्र किनारा खातो आहे म्हणून गाव दगडी बंधारा मागते, आमदार निधी आणतात, बंधारा होतो. लाटांची ताकद त्याने नाहीशी होत नाही. बंधारा जिथे संपतो तिथून पुढची पुळण (किनाऱ्यावरची वाळू) अधिक वेगाने जाऊ लागते, आणि दोन-चार पावसाळ्यांत शेजारचे गाव बंधारा मागू लागते. किनाऱ्यावरची वाळू ही सलग गोष्ट आहे, एका खाडीच्या मुखापासून दुसऱ्या खाडीच्या मुखापर्यंत तिचे एकच गणित असते, पण कामे मात्र ग्रामपंचायतीच्या हद्दीप्रमाणे मंजूर होतात. शेततळ्याच्या शेजारची कोरडी विहीर वाचताना मला हेच आठवले.

आकडेमोड

चर्चा चांगली चालली आहे, पण दोन ठिकाणी मला विरोध नोंदवायचा आहे.

पहिली गोष्ट, रोख मदतीला कमी लेखू नये. पूर ओसरल्यावर हातात पैसे आले तर माणूस सावकाराकडे जात नाही, शेळ्या विकत नाही, मुलीची शाळा बंद करत नाही. पुढच्या आपत्तीला तो निदान आधीपेक्षा दुबळा होऊन सामोरा जात नाही. हेही अनुकूलनच आहे, आणि अल्पभूधारकाच्या दृष्टीने कदाचित सर्वांत मोलाचे. प्रश्न रोख मदत असण्याचा नसून ती आधीच ठरलेली, खात्रीची नसण्याचा आहे. पीक विम्याचेच पाहा. खरीप २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला, त्यात बोगस अर्ज निघाले, म्हणून खरीप २०२५ पासून ती योजना बंद करून शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा लावण्यात आला आणि भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांतून दिसणाऱ्या उत्पादनाशी जोडण्यात आली. स्थानिक आपत्तीत वैयक्तिक नुकसानीची सूचना देऊन भरपाई मागण्याचा जो मार्ग होता, तो त्याच वर्षी काढून टाकला गेला ज्या वर्षी सप्टेंबरमध्ये सीना आणि मांजरा पात्र सोडून शिवारात शिरल्या. बोगस अर्ज रोखायला हवे होते हे मान्य. पण राज्याच्या तिजोरीवरचा भार कमी करताना तो भार कोणाकडे सरकतो आहे, याचा हिशेब कोणी मांडला होता का? शेवटी पॅकेज जाहीर करावेच लागले, म्हणजे विम्यात वाचवलेला पैसा मदतीत गेला. मदत किती आणि कधी, हे मात्र शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी माहीत नव्हते. विम्यामुळे निदान ते माहीत असते.

दुसरी गोष्ट, अनिश्चितता. मूळ प्रश्नात अंदाज नेमका नसल्याचा उल्लेख आहे. तापमान वाढणार याबद्दल हवामानाची सगळी प्रारूपे (संगणकी मॉडेल) एका दिशेने बोलतात, पण माढा तालुक्यात २०४० च्या सुमारास पाऊस किती पडेल हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि एका जिल्ह्याच्या रंगीत नकाशावरून जे सांगितले जाते ते जपूनच वाचावे. तरीही अनिश्चितता हे काही न करण्याचे कारण होऊ शकत नाही. ती वेगळ्या पद्धतीने आखणी करण्याचे कारण आहे. आपली आखणी अजून जुन्या गृहीतकावर उभी आहे. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो, २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. हे 'एकदा' मागच्या नोंदींवरून काढलेले असते. कोल्हापूर-सांगलीने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये जे पाहिले, त्यानंतर या मोजणीवर किती विसंबायचे? रेषा दर दहा वर्षांनी नव्याने आखाव्यात असे म्हणणे सोपे आहे, पण रेषा हलली की शेकडो भूखंडांची किंमत हलते, आणि मग ती रेषा अभियंत्याच्या टेबलावर न ठरता अन्यत्र ठरू लागते. 'पाणलोट' यांच्या तडजोडीच्या मुद्द्याशी मी इथे सहमत आहे. फक्त त्यांनी गावातला वजनदार माणूस पाहिला, मी शहरातला बिल्डर पाहतो.

जाता जाता मुंबईबद्दल. महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा आणला आणि जून २०२४ मध्ये हवामान अर्थसंकल्पाचा अहवाल काढला. देशात असे करणारी ती पहिली महापालिका. भांडवली खर्चापैकी जवळपास एक तृतीयांश, म्हणजे दहा हजार कोटींच्या आसपास, हवामानाशी संबंधित असल्याचे त्यात दाखवले आहे. त्यात मलजल प्रक्रिया केंद्रांसारखी कामेही आहेत, जी आराखडा आला नसता तरी करावीच लागली असती. आधीच्या कामांना नवा शिक्का लावण्यात काही गैर नाही, निदान हिशेब एका जागी येतो. पण हवामानामुळे यंदा कोणते काम नव्याने सुरू झाले आणि कोणते रद्द झाले, हे त्यावरून कळत नाही. रद्द झालेल्या कामांची यादी कोणताही आराखडा छापत नाही. मला तर तीच सर्वांत आधी वाचायला आवडेल.

बांधावरून

सर्वांचे मनापासून आभार. 'आकडेमोड' यांचा रोख मदतीबद्दलचा मुद्दा मला पटला आणि 'पाणलोट' यांनी वर्णन केलेली बैठक आमच्या गावचीच वाटली.

आता थोडे खाली येऊन विचारतो. आमच्या गावात पुराचे निम्मे नुकसान सीनेमुळे झाले, पण निम्मे गावातल्या ओढ्यामुळे झाले. जुन्या लोकांच्या सांगण्यानुसार ओढा चांगला बैलगाडी वळेल एवढा रुंद होता. आता दोन्ही बाजूंनी शेते सरकत आल्याने काही ठिकाणी तो चारीएवढा उरला आहे. ग्रामपंचायतीकडे पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात (२०२१ ते २०२६) जो निधी यायचा त्यातला ६० टक्के बंधित असायचा, त्याचा निम्मा भाग पाणीपुरवठ्याला आणि निम्मा स्वच्छतेला, आणि उरलेल्यात दिवाबत्ती, गटारे, शाळेची दुरुस्ती यांची रांग असायची. ओढा मोकळा करणे हे आमच्या हातचे आहे का, आणि असेल तर सुरुवात कुठून करावी?

निवृत्त अव्वल कारकून

हातचे आहे, पण एकट्या ग्रामपंचायतीच्या नाही.

सुरुवात जेसीबीने करू नका. पाणी अडले की लोक वर्गणी काढून यंत्र आणतात, ओढा खोल करतात, माती काठावरच टाकतात आणि पुढच्या पावसाळ्यात ती माती पुन्हा आत येते. शिवाय ज्याच्या बाजूने खोदले त्याच्याशी भांडण होते ते वेगळेच. आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्या. ओढा त्यावर दाखवलेला असतो. लगतच्या गटांची मोजणी लागेल, आणि तिची फी हा पहिला अडथळा आहे. ग्रामसभेचा ठराव करून तहसीलदारांना शासकीय मोजणीसाठी लिहा, कारण ओढा शासनाचा आहे, ग्रामपंचायतीचा नाही. गावठाणातील रस्ते आणि मोकळ्या जागा यांवरील अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने पंचायतीला आहे, पण शिवारातील शासकीय जमिनीवरचे अतिक्रमण जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खाली महसूल यंत्रणेनेच काढायचे असते. अनेक पंचायती इथेच चुकतात. नोटीस चुकीच्या कलमाखाली काढतात आणि समोरचा पहिल्याच तारखेला स्थगिती आणतो.

ठरावाची भाषा 'अतिक्रमण हटवावे' अशी ठेवलीत तर तो संमत होणार नाही, कारण ग्रामसभेत बसलेल्यांपैकी काहींची शेते त्याच काठावर आहेत. 'ओढ्याची हद्द निश्चित करून मिळावी' एवढेच लिहा. त्याला उघड विरोध करणे कोणालाही जड जाते. हद्दीचे दगड बसले की पुढचे बोलणे सोपे होते. ही मोजणी पावसाळ्याआधी व्हावी असे वाटत असेल तर ठराव जानेवारीच्या ग्रामसभेतच घ्या, कारण एप्रिल-मेमध्ये मोजणीदाराची तारीख मिळत नाही. खोलीकरण, माती दूर नेणे आणि काठावर झाडे लावणे ही कामे त्यानंतर रोजगार हमीच्या आराखड्यात धरता येतात का, हे गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी विचारून घ्या.

पाणलोट

यात एकच जोडतो. ओढ्याची मोजणी मागताना फक्त तुमच्या गावच्या हद्दीपुरती मागू नका. वरच्या आणि खालच्या गावाच्या सरपंचांशी आधी बोला आणि तिन्ही ग्रामसभांचे ठराव एकाच आठवड्यात तहसीलदारांकडे जाऊ द्या. नाहीतर तुमचा ओढा मोकळा होईल आणि ते सगळे पाणी पूर्वीपेक्षा लवकर खालच्या गावात पोहोचेल, जिथे तो अजून चारीएवढाच आहे. ठरावांचे मसुदे तयार झाले की इथे टाका, पाहून सांगतो.